करंगळी साक्षीला

माझा राग नाकावर. साठीला टेकले तरी तो तिथंच बसलाय, उतरायचं नाव घेत नाही. तेव्हा सांगता सांगता आवाज चढला तर मनावर घेऊ नका, माझी बोलायची रीतच तशी.

गोष्ट शहाऐंशी सालची. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आमचं गाव भूमच्या पुढं, माळावरचं. आम्ही धनगर. दादा, म्हणजे माझे वडील, आणि थोरला भाऊ श्रीपती संक्रांतीलाच मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेले होते. मागं राहिलो आई आणि मी. सकाळी दोघी मिळून रोजगार हमीवर जायचो, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचो. घरी आलं की आई टकळी घेऊन लोकर कातायला बसायची. भूमच्या सोसायटीतून लोकर आणायची, सूत कातून परत द्यायचं. ती चालताना कातायची, भांडताना कातायची, एसटीत बसली तरी तिची टकळी गरगरत असायची.

मीही आधी कातायचे. पण दहावी पास झाले आणि मला धाराशिवच्या शिवण-भरतकामाच्या वर्गात जागा मिळाली. राहायला वसतिगृह, वर सरकारी विद्यावेतन. अट एकच होती. दिवाळीच्या आधी बाहेरच्या परीक्षक येणार, आणि रेशमाच्या भरतकामात जी नापास होईल तिचं विद्यावेतन बंद, खाट दुसऱ्या पोरीला. म्हणजे मी परत खडीवर. मला खडीवर जायचं नव्हतं. कुणाला जायचं असतं हो?

पहिल्याच आठवड्यात शिवणाच्या बाईंनी रेशमाची लच्छी हातात दिली आणि माझं हसं झालं. चार महिने खडी फोडलेली बोटं ती. भेगा पडलेल्या, कातडी सोललेली. रेशमाचा धागा ओढला की तो बोटाला अडकायचा, त्याचे बारीक बारीक तंतू सुटायचे आणि फुलाच्या पाकळीला मिशा फुटायच्या. बाई म्हणाल्या, "चांगुणा, बोटं आहेत का कानस?" सगळा वर्ग खो खो हसला. मी सुई तिथंच टाकली आणि उठून बाहेर आले. मग पुन्हा आत गेले, कारण जाणार कुठं?

माझ्या खोलीत विशाखा होती, नळदुर्गची. पहिल्या दिवशी तिनं खणखणीत जयभीम घालून ओळख करून दिली. तिचे वडील एसटीत मेकॅनिक. बारावी सायन्सला गणितात गचकली म्हणून इकडं आलेली, पण सायन्स काही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझी बोटं तिनं उजेडात धरून उलटीपालटी करून बघितली, जणू दुकानात वांगी निवडतेय.

"हे बरं हुईल," ती म्हणाली. "कशानं हुईल ते शोधायला पायजे."

त्या शोधापायी आम्ही ईरण्णाच्या कटलरीच्या दुकानात गेलो. बांगड्या, रिबिनी, पिना, आरसे आणि मागच्या फळीवर सगळा तोंडाला लावायचा माल. खरं सांगते, तोवर मी आयुष्यात तोंडाला हळद आणि खोबरेल सोडून काही लावलेलं नव्हतं. स्नोची डबी उघडून नाकाशी नेली आणि मला वाटलं, श्रीमंत लोक असेच वास घेत जगत असतील. विशाखा एकेका डबीवरचं बारीक अक्षर वाचायला लागली. ईरण्णा वैतागला.

"वाचायला ही काय लायब्ररी हाय काय? घ्यायचं तर घ्या की."

"घेणार हाव की मामा," विशाखा म्हणाली. "पण थोडं थोडं द्या. सगळ्यातलं थोडं."

ईरण्णा बडबडत होता, पण त्यानं दिलं. स्नोची सगळ्यात बारकी डबी, सुटं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एका औषधाच्या बाटलीत, व्हॅसलीन कागदावर, एरंडेल दुसऱ्या बाटलीत. वर एक वासाचा साबण आम्ही हौसेनं घेतला. विद्यावेतनाचा पहिला हप्ता असा ईरण्णाच्या गल्ल्यात गेला. घरी कळलं असतं तर आईनं मला टकळीनंच हाणलं असतं.

खोलीत आल्या आल्या मी सगळंच एकदम चोपडायला निघाले, तर विशाखानं हात धरला.

"येडी हायस का? सगळं लावलंस तर गुण कशानं आला हे कळायचं कसं?"

"मग?"

"पाच बोटं हायेत ना तुला?"

तिची युक्ती अशी. उजव्या हाताचं जेवताना धुऊन जातं, म्हणून डावा हात धरायचा. अंगठ्याला ग्लिसरीन-गुलाबपाणी, पहिल्या बोटाला स्नो, मधल्याला व्हॅसलीन, अनामिकेला एरंडेल.

"आणि करंगळीला?"

"काहीच न्हाय. ती साक्षीला. बाकीच्यांची गंमत बघायची तिनं."

कुठल्या बोटाला काय हे विसरू नये म्हणून विशाखानं प्रत्येक बोटाला भरतकामाचा रंगीत दोरा बांधला. मग वही केली. रोज सकाळी रेशमाचा एक धागा बोटावरून ओढायचा, कितीदा अडकतो ते मोजायचं आणि वहीत मांडायचं. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात इतकी मजा यायला लागली की परीक्षेची भीतीच विसरले. सकाळी डोळे उघडले की आधी बोटं बघायची. आज अंगठा काय म्हणतो? व्हॅसलीनवालं ताळ्यावर आलं का? वसतिगृहाच्या पोरी विचारायच्या, "चांगू, दोरे कशाचे गं? कुणाची नजर लागली?" मी म्हणायचे, "तुमचीच." आमच्या खोलीत येऊन त्याच पोरी हळूच स्नोची डबी हुंगून जायच्या.

पण वही काही खोटं बोलत नव्हती. ग्लिसरीन भेगांत गेलं की अशी आग व्हायची की मी खोलीभर नाचायचे. स्नो लावला की तासभर वास छान, मग कातडी आणखीच ताणायची. एरंडेलाला मुंग्या लागल्या नाहीत एवढंच बरं, पण उशीपासून परकरापर्यंत सगळं चिकट. व्हॅसलीननं त्यातल्या त्यात बरं वाटलं, तर साटीनच्या कापडावर तेलकट डाग उठला आणि बाईंनी ते कापड वर्गभर फिरवून दाखवलं. त्यात पाणी टँकरचं, खारट. वासाचा साबण लावला की फेस यायच्या ऐवजी दही व्हायचं, आणि धुतलेला हात वाळला की पांढरा पडायचा. तीन आठवड्यांनी विशाखानं वहीत हिशेब मांडला. चारी बोटं आणि साक्षीदार करंगळी, सगळी जवळपास सारखीच अडकत होती. तिनं प्रत्येक नावापुढं लिहिलं, उपयोग नाही. मी वही भिंतीवर फेकली.

त्याच आठवड्यात आई आली.

श्रावण संपत आला होता. पाऊस नव्हताच. आई सकाळच्या एसटीनं आली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोरी भोवती जमल्या, मावशी मावशी करायला लागल्या. विशाखानं तर पाया पडून तिला खाटेवर बसवलं, "मावशी, तुम्ही दमला असाल" म्हणून पाणी दिलं. आणि मला, काय सांगू, मला मेंढरांचा वास आला. लहानपणापासून त्यातच वाढलेली मी, मला तो कधी येतच नव्हता. पण तीन आठवडे स्नो आणि वासाच्या साबणात काढल्यावर तो एकदम नाकात शिरला. मला वाटलं सगळ्यांना येतोय. कोपऱ्यात एका पोरीनं ओढणी नाकाला लावली. सर्दी झाली असेल तिला, आता वाटतं. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी आईला दाराबाहेर नेलं. "आई, किती वास यायलाय हाताला! यायच्या आधी धुवून तरी यायचंस. पोरी नाकं दाबायल्यात."

आईनं हात पदराखाली घेतले. एवढंच म्हणाली, "एसटीत कातीत बसले व्हते गं."

मला तेवढ्यावर थांबायचं सुचलं नाही. आत जाऊन स्नोची डबी आणि वासाचा साबण आणला आणि तिच्या पिशवीत टाकला. "हे लावत जा. धुऊन मग हे लावायचं." वहीत उपयोग नाही असं लिहिलेला तोच स्नो. मी मोठ्या दिलानं दिला.

जेवणं झाली. मी रेशमाचा गुंता सोडवत बसले होते, सुटत नव्हता. धागा बोटाला अडकला की मी शिव्या घालायचे. आई म्हणाली, "आण हिकडं." तिनं लच्छी घेतली, मांडीवर धरली आणि दोन मिनिटांत उलगडून दिली. विशाखानं मला कोपरानं ढोसलं. मी बघितलं नव्हतं, तिनं बघितलं होतं. आईच्या बोटांना रेशीम एकदाही अडकलं नव्हतं.

आईला एसटीत बसवून आल्यावर विशाखानं मला झापलंच. "तू नि मावशी एकाच कामावर व्हता का न्हाय?"

"व्हय. एकाच ढिगाऱ्यावर. माझ्यापरीस तिनंच जास्ती फोडली."

"मग तिच्या बोटाला भेगा कामून न्हाईत? तिची टाच बघितलीस? तुझ्याहून फुटलीय. बोटं मात्र लोण्यासारखी. काय लावती ती?"

"काय लावणार? माती."

"मग तू करत न्हाईस असं ती काय करती?"

आम्ही पायरीवर बसून एकेक काम काढलं. भाकरी मीही थापायचे. शेण मीही काढायचे. पाणी, सरपण, खडी, सगळं सारखं. आणि बोलता बोलता माझा हात पायरीच्या मागं गेला, तर तिथं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडलं तर आत आईची टकळी आणि पिंजलेल्या लोकरीचे पेळू. वास यायला नको म्हणून माझं ऐकल्यावर तिनं ते परत आत न आणता पायरीमागं लपवलं होतं, आणि घाईत तिथंच राहिलं. मी ते हातात धरून बसले. विशाखानं पेळू घेतला, बोटात चुरगाळला, हुंगला आणि उजेडात बोट धरलं. ते चकाकत होतं.

"चांगू," ती म्हणाली, "करंगळीला हे."

एकट्या करंगळीनं कसं कातणार? दोन्ही हातांनीच कातायला लागतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पाण्याच्या टाकीमागं जाऊन मी टकळी फिरवली, चोरासारखी. पेळू पुरावेत म्हणून रोज थोडंच कातायचे. बोटांना सवय होतीच. आठ दिवसांत वहीतले आकडे खाली यायला लागले. पंधरा दिवसांत भेगा मिटल्या. महिन्यानं रेशमाचा धागा पाची बोटांवरून असा सुळकन निघून गेला की विशाखानं खाटेवर उडी मारली आणि खाटेची एक पट्टी तुटली. तिनं दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठून विचारलंही. तो म्हणाला, लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते, तीच काढून महागाच्या मलमात घालतात. हे ऐकून आम्ही ईरण्णाच्या दुकानावरून जाताना उगाच छाती काढून चालायचो.

वास यायचाच. पोरी म्हणायच्या, "चांगूच्या खाटेखाली कोकरू हाय." पहिल्यांदा मी चिडले, मग म्हणलं, "हाय, आणि चावतंय." रेशमाला डाग पडू नये म्हणून भरायला बसायच्या आधी बोटं ज्वारीच्या पिठात चोळायची, एवढी युक्ती पुढं मीच काढली. आईला मात्र मी यातलं काहीच कळवलं नाही. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं, पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तुझ्या हाताला वास येतो म्हणून ओरडले पण तोच वास मला कामाला आला, हे चारचौघांत कुणी वाचून दाखवायचं? लाज वाटली. घरी गेल्यावर सांगू म्हणलं.

परीक्षा आली. बाकीच्या पोरींनी गुलाब भरले. मी करडीचं फूल भरलं, केशरी, काट्यांसकट. बाई म्हणाल्या, "हे कुणी भरतं का?" मी म्हणलं, "आमच्याकडं हेच फुलतं, तेही पाऊस पडला तर." दोन दिवस भरत होते. पाकळ्या काडीइतक्या बारीक, भरीव टाक्याच्या, एकाही पाकळीला मिशी नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची कामं हॉलमध्ये टेबलांवर मांडली. दुपारी परीक्षक मार्क देणार होत्या, आणि त्या दिवशी आईबापांनाही बघायला बोलावलं होतं.

आई आली तेव्हा मी ओळखलंच नाही. धुतलेलं लुगडं, तोंडाला स्नो, तोही जरा जास्तच, कानापाशी पांढरा राहिलेला. जवळ आली तर वासाच्या साबणाचा घमघमाट. माझ्याकडं बघून अशी हसली, जणू आता तरी बरं का, असं विचारतेय. विशाखा म्हणाली, "मावशी, झकास दिसायलात!" मी तिला टेबलापाशी नेलं. फूल बघून ती खाली वाकली.

"करडीचं हाय की गं," ती म्हणाली आणि पाकळीवरून अलगद बोट फिरवलं.

धागा अडकला. तिच्या करंगळीला. तिनं दचकून हात मागं घेतला आणि केशरी धागा वीतभर बाहेर आला. आख्खी पाकळी आकसून गोळा झाली.

"आई!" मी केवढ्यानं ओरडले. सगळा हॉल वळून बघायला लागला. "कशाला हात लावलास! कुणी सांगितलं होतं हात लावायला? अजून मार्क द्यायचेत ना!"

तिनं हात पदराखाली घेतले. तसेच, मागच्या वेळी घेतले होते तसे. ओरडणं तिथंच टाकून मी पदर बाजूला केला आणि तिचे हात बाहेर ओढले. बोटांवर भेगाच भेगा. करंगळी उललेली, पांढरट. माझीच बोटं होती ती, वर्गातल्या पहिल्या आठवड्यातली.

"आई, कातत न्हाईस का?"

"न्हाय," ती हळूच म्हणाली. "दोन म्हैनं झालं, लोकर बंद केली. तुज्या वर्गात यायचं व्हतं न्हवं? तू दिलेला साबण लावते रोज दोनदा. वास गेला का आता?"

 तिथंच टेबलाला धरून मी रडायला लागले, मोठ्यानं, लाज सोडून. दुष्काळात खडी आणि सोसायटीचं सूत सोडलं तर तिच्या हातात दुसरं काय होतं? त्यातलं सूत तिनं सोडलं, आणि कशासाठी, तर माझ्या नाकासाठी.

परीक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या. पिकल्या केसांच्या, कडक. त्यांनी फूल उचललं, बाहेर आलेला धागा बघितला.

"हे कुणी केलं?"

आईनं पुढं पाऊल टाकलं. मी तिच्या आधी बोलले, "मी केलं, बाई. माझीच चूक."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आईच्या हातांकडं बघितलं आणि माझी बोटं हातात घेऊन बघितली. मग एक सुई दिली. "ती पाकळी उसव आणि माझ्यासमोर भर." मी भरली. धागा एकदाही अडकला नाही. पास व्हायला पंचेचाळीस लागायचे, मला अठ्ठेचाळीस मिळाले. खाट राहिली.

संध्याकाळची एसटी यायला वेळ होता. स्टँडावर बाकावर आम्ही दोघी बसलो. मी माझ्या पिशवीतून तिचीच टकळी आणि उरलेले पेळू काढून तिच्या मांडीवर ठेवले. तिनं इकडं तिकडं बघितलं. वर्गातल्या चार पोरी पलीकडं उभ्या होत्या.

"वास यिल गं," ती म्हणाली.

"येऊ दे. कात तू."

तिनं पेळू बोटात धरला. लोकर भेगांना अडकत होती, धागा तुटत होता. तिनं दोनदा जोडला, तिसऱ्यांदा माझा हात पुढं आला आणि मग दोघींनी मिळून तो कातला, भूमची एसटी लागेपर्यंत.